एक किल्वर! : हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांची जीवनकथा

पत्त्यांच्या खेळाला आपल्या समाजात फारशी प्रतिष्ठा नाही. मे महिन्याच्या सुटीत घरोघर मेंढीकोट आणि तीनशेचार रंगते, लग्नघरी रात्र जागवायची झाली की जोड काढला जातो. पण एरवी तरुण मुलाच्या हातात पत्ते दिसले की वडीलमंडळींच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे घराचे वाटोळे, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. तथापि याच बावन्न पानांतून बुद्धिबळाच्या तोडीचा एक खेळ उभा राहिला. त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला स्थान मिळाले आणि तेथे प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने सुवर्णपदकही पटकावले. या खेळाचे नाव कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. आणि त्याला आजचे रूप देणारा मनुष्य म्हणजे हॅरल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट. अमेरिकेतील एका कुबेराच्या घरात जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर पैसा मिळविण्यापेक्षा खेळाचे नियम घडविण्यातच अधिक आनंद मानला. त्याच्या आयुष्याचा हा धावता आढावा.

हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांचा जन्म ६ जुलै १८८४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ओकडेल येथे झाला. त्यांचे पणजोबा कॉर्नेलियस यांनी स्टेटन बेटावरून उतारूंची ने-आण करणाऱ्या एका लहानशा होडीपासून धंद्याला सुरुवात केली. होडीतून आगबोटी झाल्या, आगबोटींतून रेल्वे झाली आणि १८७७ साली ते वारले तेव्हा त्यांची मालमत्ता सुमारे दहा कोटी डॉलर होती. आजोबा विल्यम हेन्री यांनी अवघ्या आठ वर्षांत ती दुप्पट केली. पुढच्या पिढ्यांनी मात्र मिळविण्यापेक्षा खर्च करण्यात अधिक पराक्रम गाजविला. राजवाड्यांसारखी घरे, नौका, घोडे, मेजवान्या यांत हा पैसा वाहू लागला.

अशा घरात बालपण सुखाचे गेले असेल असे कोणालाही वाटेल. पण श्रीमंतीच्या भिंतींना कान असतात तसे अश्रूही असतात. हॅरल्ड दहा वर्षांचे असताना, १८९५ साली, आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्या काळी ही गोष्ट अमेरिकेतही खळबळजनक होती. त्याच वर्षी आई आल्व्हा यांनी थोरली मुलगी कॉन्स्वेलो हिचे लग्न तिच्या मनाविरुद्ध इंग्लंडच्या मार्लबरोच्या ड्यूकशी लावून दिले. पैसा एका बाजूने आणि सरदारकी दुसऱ्या बाजूने, असा तो सौदा होता. तो अर्थातच टिकला नाही. पुढे हीच आल्व्हा अमेरिकन स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची एक पुढारी झाली! मोठ्या माणसांचे हे सारे सौदे लहानगा हॅरल्ड जवळून पाहत होता. अबोलपणा, काटेकोरपणा आणि प्रत्येक गोष्ट आधी नीट ठरवून मग करण्याची सवय हे त्यांचे पुढील आयुष्यातील गुण. त्यांचे मूळ या अस्थिर बालपणात असावे असे मला वाटते.

सेंट मार्क्स या शाळेतून ते हार्वर्डला गेले, १९०७ साली पदवीधर झाले आणि १९१० पर्यंत तेथेच कायद्याचा अभ्यास करून घराण्याच्या न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी नौदलात अधिकारी म्हणून काम केले. १९२० साली वडील वारले आणि रेल्वेच्या संचालक मंडळावरील जबाबदारी वाढली. म्हणजे दिवसा कंपनीच्या सभा, संध्याकाळी क्लब आणि उन्हाळ्यात समुद्र, असा त्यांचा क्रम होता. क्लबात पत्ते असत आणि समुद्रावर शिडाची नौका असे. या दोन ठिकाणी त्यांचे खरे चित्त होते.

ब्रिजची ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. चौघांनी एकेक पान टाकले की एक हात होतो. असे एकूण तेरा हात. खेळापूर्वी बोली चालते. कोणता रंग हुकूम करायचा आणि किती हात करायचे, याची ही चढाओढ असते. येथवर आपल्या तीनशेचारच्या खेळाडूंना काही नवल वाटणार नाही. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी ऑक्शन ब्रिज हा प्रकार लोकप्रिय होता. व्हँडरबिल्ट यांनी तो जोसेफ एल्वेल या त्या काळच्या नामवंत खेळाडूबरोबर भिडू म्हणून खेळून मुरविला. हा एल्वेल १९२० च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी गोळी लागून मेला. खुनी कधीच सापडला नाही. असो.

ऑक्शन ब्रिजमध्ये एक मोठी उणीव होती. एखाद्या जोडीने सात हातांची बोली केली आणि प्रत्यक्षात दहा केले, तरी सर्व दहांचे गुण डाव जिंकण्यासाठी धरले जात. मग कोण कशाला उंच बोलेल? शक्य तितक्या स्वस्तात बोली घ्यावी आणि नंतर मिळतील तितके हात ओढावेत, हेच शहाणपण ठरे. बोलीतील धाडस आणि अचूक अंदाज यांना किंमतच नव्हती. फ्रान्समध्ये 'प्लाफॉन' नावाच्या खेळात बोललेल्या हातांचेच गुण डावाला धरण्याची पद्धत होती. आपल्याला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे १९१२ साली खुद्द पुण्यात ह्यू क्लेटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या सोबत्यांसह अशाच तत्त्वावरचा ब्रिज खेळून पाहिला होता. म्हणजे कल्पना हवेत होती. पण तिला नीट घडविलेला सांगाडा मिळाला नव्हता.

तो मिळाला १९२५ साली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत व्हँडरबिल्ट तीन मित्रांसह 'फिनलंड' या आगबोटीने पनामा कालव्यातून हवानाकडे निघाले होते. ३१ ऑक्टोबरला बोट कालव्याच्या तोंडाशी, बाल्बोआ येथे पोचली; पण उशीर झाल्यामुळे ना कालव्यातून पुढे जाता येईना ना किनाऱ्यावर उतरता येईना. रात्र बोटीवरच काढणे भाग होते. व्हँडरबिल्ट यांनी आपली नवी गुणपद्धती मित्रांपुढे मांडली आणि चौघे खेळायला बसले. ज्या जोडीने एक गेम जिंकला आहे तिला पुढे बक्षीसही मोठे आणि दंडही मोठा, अशी त्यांची योजना होती; पण या अवस्थेला नाव सुचत नव्हते. बोटीवरील एका तरुणीने 'व्हल्नरेबल' हा शब्द सुचविला. भेद्य, म्हणजे जिच्यावर घाव बसू शकतो अशी. तो शब्द आजतागायत जगभर चालतो. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, बोट कालवा ओलांडत असताना गुणांचा तक्ता पुरा झाला. तो दिवस कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचा जन्मदिवस मानला जातो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द ऐकला की १८७२ चा भारतीय करार कायदा आठवल्यावाचून राहत नाही. या खेळातही नेमके तेच आहे. बोली म्हणजे वचन. जेवढे बोललात तेवढेच तुमच्या खात्यावर डावासाठी जमा होणार. जास्तीचे हात केले तर चिल्लर बक्षीस, कमी पडले तर दंड. एक गेम पदरी नसताना एक हात कमी पडला तर ५० गुणांचा दंड, पदरी असताना १००. उलट तेरापैकी बारा हातांची म्हणजे छोट्या स्लॅमची बोली करून ती पुरी केली तर ५०० किंवा ७५० गुणांचे बक्षीस, आणि तेराही हात बोलून केले तर १००० किंवा १५००. धाडसाला मोल आले, पण वाह्यात धाडसाला शासनही आले. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू इतक्या चोख जुळल्या की बारीकसारीक फेरफार वगळता हा तक्ता मुळात तसाच टिकला आहे.

या शोधाचा त्यांनी व्यापार केला नाही. दोन-चार मित्रांना टंकलिखित प्रती दिल्या, एवढीच जाहिरात. दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्कच्या क्लबांतून ऑक्शन ब्रिज मागे पडू लागला. १९२७ साली नव्या खेळाचे नियम छापले गेले आणि १९२८ साली व्हँडरबिल्ट यांनी संघांच्या स्पर्धेसाठी आपल्या नावाचा चषक दिला. विजेत्या संघातील प्रत्येक खेळाडूला त्या चषकाची छोटी प्रतिकृती देण्याची प्रथाही त्यांनीच घातली.

परंतु नव्या खेळाने नवा प्रश्न उभा केला. जेवढे बोलू तेवढेच मिळणार असेल तर भिडूच्या हातात काय आहे हे बोलीतूनच कळायला हवे. डोळ्यांनी खुणा करणे ही लबाडी. बोलण्याला जागा काय ती बोलीचीच. आता ही जागा किती? किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नोट्रम्प म्हणजे बिनहुकमी डाव, असे पाच प्रकार आणि प्रत्येकाच्या सात पायऱ्या. म्हणजे एकूण ३५ बोल्या. प्रत्येक बोली आधीच्या बोलीहून वरची हवी. एक किल्वर ही सर्वांत खालची, सात नोट्रम्प ही सर्वांत वरची. म्हणजे ही ३५ रुपयांची थैली आहे. उधळली की परत मिळत नाही.

समजा, एखाद्याच्या हातात एक्के-राजे भरभरून आले आहेत. त्या काळची सर्वसाधारण रीत अशी की असा खेळाडू आपल्या लांब रंगात थेट दोनची बोली करी. दोन इस्पिक म्हटले की ३५ पैकी नववी बोली झाली. तीन नोट्रम्प ही गेमची बोली पंधरावी. म्हणजे तिच्यापर्यंत विचार करायला अवघ्या सहा पायऱ्या उरल्या. जेथे सर्वांत अधिक बोलण्याची गरज, तेथेच सर्वांत कमी जागा! व्हँडरबिल्ट यांनी हे उलटे केले. १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी सुचविले की बलवान हात आला की एक किल्वर म्हणावे, मग हातात किल्वर असो वा नसो. ही बोली किल्वरविषयी काहीच सांगत नाही. ती फक्त एवढेच सांगते की माझा हात जोरदार आहे, गप्प बसू नको. भिडूजवळ काही नसेल तर त्याने एक चौकट म्हणावे. तेही चौकटीविषयी काही सांगत नाही, फक्त आपली गरिबी सांगते. भिडूजवळ बऱ्यापैकी पाने असतील तर तो दुसरे काही बोलेल. दोघांनी मिळून जेमतेम दोन पायऱ्या खर्च केल्या आणि ३३ शिल्लक असतानाच एकमेकांची ऐपत कळली. सर्वांत स्वस्त बोलीला सर्वांत मौल्यवान अर्थ द्यायचा, ही ती युक्ती. हीच ब्रिजमधील पहिली प्रबळ कृत्रिम सलामीची बोली. तिला व्हँडरबिल्ट क्लब असे नाव पडले.

कृत्रिम बोली ही फसवणूक नव्हे काय, अशी शंका अनेकांनी घेतली. आमच्या बेळगावसारख्या दुभाषी मुलखात राहणाऱ्याला ही गोष्ट चटकन उमगेल. मराठीत हाल म्हणजे दैना. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. शब्दाचा अर्थ आवाजात नसतो, बोलणाऱ्यांनी मिळून मान्य केलेल्या संकेतात असतो. मात्र बाजारात दूधवाला आणि गिऱ्हाईक या दोघांनाही तो संकेत ठाऊक असला पाहिजे. ब्रिजमध्ये हाच दंडक आहे. तुमच्या बोलीचा अर्थ काय, हे प्रतिस्पर्ध्यांनी विचारल्यास त्यांना सांगावेच लागते. गुप्त संकेताला बंदी, उघड संकेताला मुभा. लबाडी आणि कौशल्य यांमधील रेषा नेमकी येथे आहे.

या पद्धतीत धोकेही होते. एक किल्वर म्हणताच प्रतिस्पर्धी सावध होतात आणि मध्येच उंच बोली टाकून जागा बळकावतात. शिवाय भिडूला संकेत आठवला नाही आणि तो गप्प राहिला, तर हातात एकही किल्वर नसताना किल्वरच्या हुकमात खेळण्याची पाळी येते! सामान्य खेळाडूला ही भीती मोठी होती. त्यातच एली कल्बर्टसन नावाचा एक विलक्षण जाहिरातबाज आणि हुशार माणूस पुढे सरसावला. १९३० साली त्याचे पुस्तक निघाले. १९३१ च्या डिसेंबरात त्याचा आणि सिडनी लेन्झचा दीडशे रबरांचा सामना सुरू झाला तेव्हा त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकल्या. मंदीने गांजलेल्या अमेरिकेला स्वस्तातील करमणूक हवी होती. कल्बर्टसनने ती दिली आणि सोबत आपली पद्धतही विकली. त्याच्या पद्धतीत इस्पिक म्हणजे इस्पिकच असे, शिकायला सोपे. अमेरिका त्याच्यामागे गेली. व्हँडरबिल्ट यांचा खेळ जगाने घेतला, पण त्यांची बोली मात्र परत केली. ते स्वतः बॅरन वॉल्डेमार फॉन झेड्ट्विट्झ यांना भिडू घेऊन खेळत राहिले आणि १९३२ व १९४० साली आपल्याच नावाचा चषक त्यांनी जिंकून दाखविला. पण एकट्याच्या जिंकण्याने बाजार बदलत नाही. किल्वरची बोली अमेरिकेत अडगळीत पडली.

याच काळात समुद्रावर मात्र त्यांचे नाव दुमदुमत होते. अमेरिका चषक ही शिडाच्या नौकांची सर्वांत मानाची शर्यत. १९३० साली व्हँडरबिल्ट यांच्या 'एंटरप्राइज' नौकेने सर टॉमस लिप्टन यांच्या 'शॅमरॉक' नौकेला सलग चार शर्यतींत हरविले. हे लिप्टन म्हणजे ज्यांच्या नावाचा चहा आपण पितो तेच. १८९९ पासूनचा त्यांचा तो पाचवा आणि शेवटचा प्रयत्न होता. १९३४ साली विमानांचे कारखानदार टॉमस सॉपविथ 'एंडेव्हर' घेऊन इंग्लंडहून आले. त्यांची नौका अधिक वेगवान होती आणि पहिल्या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या. तिसरीतही व्हँडरबिल्ट यांची 'रेनबो' मागे पडली. तेव्हा त्यांनी सुकाणू शर्मन हॉइट या सहकाऱ्याच्या हाती दिले आणि ते स्वतः खाली केबिनमध्ये निघून गेले. हॉइटने अशी दिशा धरली की सॉपविथ बुचकळ्यात पडले, नको तेथे वळले आणि वारा हरवून बसले. 'रेनबो'ने ती शर्यत जिंकली आणि पुढील तीनही. आपल्यापेक्षा दुसऱ्याचा हात या क्षणी चांगला आहे हे ओळखून बाजूला होणे, हे भिडूच्या खेळात मुरलेल्या माणसालाच सुचावे.

पण त्या विजयाला एक डागही लागला. चौथ्या शर्यतीत व्हँडरबिल्ट यांनी वाट देण्याचा नियम मोडला, अशी सॉपविथ यांची तक्रार होती. तक्रारीचे निशाण वेळेवर फडकविले नाही या तांत्रिक कारणावरून समितीने ती ऐकूनच घेतली नाही. इंग्लंडमध्येच काय, अमेरिकेतही पुष्कळांना हे रुचले नाही. नियम संदिग्ध असले की जिंकणाऱ्याचेही समाधान होत नाही. पुढे व्हँडरबिल्ट यांनी शर्यतीतील वाटहक्काचे नियम मुळापासून नव्याने लिहिण्याचे काम हाती घेतले आणि त्यात बरीच वर्षे घातली. आजच्या नौकाशर्यतींच्या नियमांचा पाया त्या कामावर उभा आहे. १९३७ साली 'रेंजर' नौकेचा सगळा खर्च त्यांनी एकट्याने सोसला आणि 'एंडेव्हर दुसरी'ला चार-शून्य असे हरविले. १९३३ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या गर्ट्रूड याही त्या नौकेवर होत्या.

आता पुन्हा पत्त्यांकडे येऊ. १९५७ साली इटलीच्या संघाने ब्रिजचे जागतिक अजिंक्यपद, म्हणजे बर्म्युडा बोल, जिंकले आणि पुढील बारा-पंधरा वर्षे ते बहुतेक आपल्याकडेच ठेवले. 'ब्लू टीम' म्हणून गाजलेल्या या संघाचे गुपित काय? त्यातील फोर्के-गारोझ्झोसारख्या जोड्या नेपल्समध्ये युजेनियो किआरादिया यांनी बांधलेली पद्धत खेळत आणि तिच्यात बलवान हाताची सलामी होती एक किल्वर! आव्हारेल्ली आणि बेल्लादोन्ना यांच्या रोमन क्लबातही एक किल्वर ही कृत्रिमच बोली होती. अमेरिकेने टाकून दिलेली कल्पना समुद्रापलीकडे रुजली, वाढली आणि अमेरिकेलाच हरवू लागली. १९६४ साली संघांचे ब्रिज ऑलिम्पियाड न्यूयॉर्क येथे, म्हणजे व्हँडरबिल्ट यांच्याच शहरात भरले. त्या स्पर्धेचा चषकही त्यांनीच दिलेला. अंतिम सामन्यात इटलीने अमेरिकेला हरविले. आपल्या देशाचा पराभव आणि आपल्या कल्पनेचा विजय एकाच टेबलावर पाहण्याचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. त्याच वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, व्हँडरबिल्ट यांनी आपली किल्वरची पद्धत नव्याने मांडणारे पुस्तक काढले. १९२९ च्या शब्दांना ते चिकटून बसले नाहीत. पस्तीस वर्षांत इतरांनी जी भर घातली तिचा त्यांनी विचार केला. त्याच साली ब्रिजच्या मानवंतांच्या यादीत जी पहिली तीन नावे निवडली गेली ती कल्बर्टसन, गोरेन आणि व्हँडरबिल्ट अशी होती. पुढे १९६९ साली तैवानचा संघ सी. सी. वेई यांची प्रिसिजन पद्धत खेळून जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण मोजून १६ वा अधिक झाले की एक किल्वर, आणि भिडूजवळ आठाहून कमी असतील तर एक चौकट, ही त्या पद्धतीची पहिली पायरी. भारतातील क्लबांतूनही ती खेळली जाते. तिच्या मुळाशी कोण आहे हे आता वाचकांना सांगावयास नको.

ज्या वर्षांत किल्वरचा उदय होत होता त्याच वर्षांत घराण्याची रेल्वे मात्र हातची गेली. १९५४ साली रॉबर्ट यंग या शेअरबाजारातील मल्लाने छोट्या भागधारकांची मते गोळा करून न्यूयॉर्क सेंट्रलचे संचालक मंडळ जिंकले आणि हॅरल्ड व्हँडरबिल्ट बाहेर पडले. पणजोबांपासून चालत आलेला संबंध संपला. त्या घराण्यातील रेल्वेचा कारभार पाहणारे ते शेवटचे पुरुष ठरले.

येथवरचे चित्र वाचून कोणी त्यांना सर्वगुणसंपन्न ठरवील. पण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठ पणजोबांच्या देणगीतून १८७३ साली निघाले. हॅरल्ड १९५५ ते १९६८ या काळात त्याच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. तेथे जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी धर्मशास्त्र शिकत होता. हा तरुण १९५३ नंतर सुमारे तीन वर्षे आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात राहून, गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून गेला होता. कृष्णवर्णीयांना ज्या उपाहारगृहांत बसू देत नसत तेथे शांतपणे जाऊन बसण्याचे शिक्षण तो नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना देत होता. १९६० च्या मार्चमध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकले. कायदेभंगाला उत्तेजन देतो, हे कारण. निषेध म्हणून अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. मंडळाचे अध्यक्ष या नात्याने या निर्णयाची जबाबदारी व्हँडरबिल्ट यांच्यावरही येते. पत्त्यांचा नियम सदोष दिसताच तो बदलणारा, नौकांचा नियम संदिग्ध दिसताच तो नव्याने लिहिणारा हा मनुष्य, समाजाचा नियमच अन्यायाचा आहे असे एका विद्यार्थ्याने दाखवून दिले तेव्हा मात्र नियमाच्या आड उभा राहिलेल्यांच्या बाजूला होता. खेळाच्या टेबलावर चौघांना सारखीच तेरा पाने मिळतात. समाजात तशी मिळत नाहीत. हा फरक कुबेराच्या घरातून दिसणे कठीण गेले असावे. लॉसन यांनी शिक्षण बॉस्टनला पुरे केले आणि २००६ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने अध्यापक म्हणून बोलाविले.

हॅरल्ड व्हँडरबिल्ट ४ जुलै १९७० रोजी न्यूपोर्ट येथे वारले. शहाऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. त्याआधी अवघे दोन आठवडे, २१ जून रोजी, न्यूयॉर्क सेंट्रल ज्या पेन सेंट्रल कंपनीत विलीन झाली होती तिने दिवाळे जाहीर केले होते. तो अमेरिकेच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा दिवाळखोरीचा प्रसंग होता. त्यांना अपत्य नव्हते. चषकाच्या प्रतिकृती पुढेही दिल्या जाव्यात म्हणून एक लाख डॉलरची तरतूद मात्र ते करून गेले.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी वर्षाच्या अखेरीस ताळेबंद मांडतो. या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर काय दिसते? वारशाने आलेली रेल्वे बुडाली. ज्या नौकांवर लाखो डॉलर खर्चले त्या काही वर्षांतच मोडीत निघाल्या. 'रेंजर' १९४१ साली भंगारात गेली. शिल्लक राहिला तो एका अडलेल्या बोटीवर बसून लिहिलेला गुणांचा तक्ता आणि दोन शब्दांची एक बोली. जिच्यासाठी एक पैही भांडवल लागले नाही, जिचे स्वामित्वशुल्क कधी मागितले नाही, तीच जिंदगी आज जगातील लाखो लोक वापरीत आहेत. वारसा म्हणून जे मिळाले ते टिकले नाही. विचार करून जे दिले ते टिकले. पुढच्या वेळी सुटीत पत्त्यांचा जोड हाती येईल तेव्हा मेंढीकोट अवश्य खेळावा. पण चौघे जमले आणि सवड असेल तर एकदा ब्रिजही मांडून पाहावा. आणि हात भरभक्कम आला, तर भिडूकडे न पाहता निःशंकपणे म्हणावे : एक किल्वर!